मंजिष्ठेचं जांभळं

झियाने डायाना देवीच्या खांद्यावरची पितळी पिन काढली, तसं जांभळं वस्त्र घसरून तिच्या हातावर आलं. मागे दाटीवाटीने उभ्या असलेल्या शिपायांमध्ये कुणीतरी मोठ्याने श्वास सोडला. देवीचे दगडी खांदे उघडे पडले. झियाने सवयीने पदराच्या टोकाने ते पुसले. देवळातली वस्त्रं सांभाळायचं काम तिच्याकडे होतं, आणि उघड्या देवीकडे इतक्या पुरुषांनी बघत राहावं हे तिला मुळीच आवडलं नव्हतं.

"आई, लवकर आटप. तो तिकडे ढालीवर उभा आहे," बिथूस म्हणाला.

"उतरवा मग खाली. पडेल."

शिपाई हसले. बिथूस हसला नाही. तो पलटणीचा ध्वजवाहक होता, तेवीस वर्षांचा, आणि त्याचे डोळे ताप आल्यासारखे चकाकत होते. त्या दिवशी सकाळी छावणीने आपल्याच सेनापतीला, विटालिसला, ढालीवर उचलून सम्राट करून टाकलं होतं. पश्चिमेकडे एक सम्राट होता, तो बसलाच होता. पण त्याने दोन वर्षांत डॅन्यूबकाठच्या फौजेकडे ढुंकून पाहिलं नव्हतं आणि पलीकडून टोळ्या नदी ओलांडत होत्या. तेव्हा आपला सम्राट आपण करावा असं फौजेने ठरवलं. आता सम्राट म्हटलं की अंगावर जांभळं हवं, आणि साऱ्या गावात जांभळं वस्त्र एकच होतं.

दाराशी मांटा उभी होती, हातात जवाच्या पेजेचं मडकं घेऊन. मांटा झियाची शेजारीण. दोघी एकाच वर्षी विधवा झाल्या आणि दोघींनी एकाच दिवशी आपापला पोरगा छावणीत नेऊन भरती केला. कारकुनाने बिथूसचं नाव लिहिलं आणि त्याच्याखाली मांटाच्या डिझोचं. "एकाखाली एक," मांटा तेव्हा म्हणाली होती, "म्हणजे चुकामूक नको."

"बिथूस, डिझो कुठंय रे?" मांटाने विचारलं.

"तंबूत. तापाने फणफणलाय. एवढा मोठा दिवस आणि हा गाढव पांघरूण घेऊन पडलाय."

"पडू दे बाई. सम्राट रोज होतात, पोरगा एकच आहे."

वस्त्राची घडी घालताना झियाने एकदा मुलाकडे पाहिलं. सांगायचं असतं तर तेव्हाच सांगायला हवं होतं.

कारण ते वस्त्र खोटं होतं. अकरा वर्षांपूर्वी असाच एक सेनापती असाच सम्राट झाला होता आणि देवीचं खरं वस्त्र, समुद्रातल्या शिंपल्यांच्या रंगात बुडवलेलं, अंगावर घेऊन इथून निघाला होता. परत आलं ते त्याचं मुंडकं, भाल्यावर. वस्त्र आलं नाही. तेव्हाच्या म्हाताऱ्या पुजाऱ्याने झियाला बोलावून एवढंच सांगितलं की सणापर्यंत देवी उघडी राहता कामा नये. झियाने लोकर विणली, तीन वेळा निळीच्या पिंपात बुडवली, वाळवली आणि वरून मंजिष्ठेच्या लाल मुळ्यांचा हात दिला. रंग असा काही बसला की पुजाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सणाला गावाने हात जोडले. कुणी विचारलं नाही. देवीनेही विचारलं नाही. पुढे पुजारी मेला आणि ही गोष्ट जाणणारी झिया एकटीच उरली.

कायदा पोराटोरांनाही पाठ होता. शिंपल्याचं जांभळं सम्राटाखेरीज ज्याच्या अंगावर सापडेल तो मेला आणि ज्याने ते चढवलं तोही मेला. मंजिष्ठेच्या जांभळ्याला मात्र कुणी विचारत नव्हतं. मांटाच्या डोक्यावरच्या रुमालालाही त्याच रंगाची कड होती. झियाने घडी घालता घालता हिशेब मांडला. आत्ता तोंड उघडलं तर हे शिपाई देऊळ पेटवतील. गप्प राहिलं तर आपला पोरगा जे चढवणार आहे ते मुळात जांभळंच नाही. उद्या वारा फिरला तर शिरक्याचा एक थेंब टाकला की झालं, मंजिष्ठा लगेच पिवळी पडते, सगळ्यांना दिसेल. आपण फार शहाणपण केलं असं तिला वाटलं. आयांना असं वाटतं.

छावणीत विटालिसला ढालीवरून उतरवून बसवलं होतं. पन्नाशीचा, पांढऱ्या दाढीचा माणूस. चेहरा राखेसारखा. देवी ठेंगणी, त्यामुळे वस्त्र त्याला जेमतेम गुडघ्यापर्यंत येत होतं. झियाने त्याच कापडाची उरलेली पट्टी पिशवीतून काढली आणि खाली काठ लावायला बसली. तिला आताशा जवळचं दिसत नसे. डिझोला पेज पाजून आलेली मांटा शेजारी बसून तिला सुया ओवून देत होती. हे त्यांचं नेहमीचंच. मांटाची नजर आणि झियाचा हात, असं गावात म्हणत.

विटालिस वाकून हळूच म्हणाला, "बाई, फार पक्कं शिवू नकोस."

"का, साहेब?"

"काढताना वेळ जायला नको."

त्याच्या आवाजात थट्टा होती की काय ते झियाला कळलं नाही. बिथूसने पुढे होऊन ते वस्त्र त्याच्या खांद्यावर टाकलं आणि साऱ्या छावणीने भाल्यांनी ढाली बडवल्या. विटालिस नको नको म्हणत होता. ते पहिल्या रांगेतल्यांना ऐकू आलं, पण नको म्हणणाऱ्यालाही मारतात आणि हो म्हणणाऱ्यालाही. त्याला नंतर मारतात एवढाच फरक. शेवटी त्याने हात वर केला.

बहात्तर दिवस तो सम्राट होता. त्या बहात्तर दिवसांत बिथूसला चांदीचं कडं मिळालं आणि डिझो ताप उतरल्यावर गावभर सांगत फिरला, "झियामावशी, माझं नशीब बघ. तिकडे सम्राट जन्माला आला आणि इकडे मी काढा पीत पडलो! याला कडं, मला काढा."

"ज्याचं त्याचं नशीब," झिया म्हणायची.

"आता पुढच्या सम्राटाच्या वेळी मला आदल्या दिवशीच उठवून ठेव."

पश्चिमेचा सम्राट मोठी फौज घेऊन आला. नदीच्या उतारापाशी अर्धा दिवस लढाई झाली, आणि मग विटालिसच्या स्वतःच्या पहारेकऱ्यांनी त्याला तंबूत भोसकलं, डोकं काढून दिलं आणि छावणीचे दरवाजे उघडले. ज्यांनी ढाली बडवल्या होत्या तेच आता दुसऱ्यासाठी बडवू लागले. नव्या सम्राटाने फौजेला माफी दिली. फक्त ज्यांनी विटालिसला उचललं आणि ज्यांनी त्याच्या अंगावर जांभळं चढवलं, त्यांना माफी नव्हती. असे चौदा जण धरले. बिथूस त्यांत पहिला.

झियाने शिरक्याची बाटली पदराखाली घेतली आणि अकराव्या दिवशी सकाळी छावणी गाठली. आधीचे दहा दिवस तिला फाटकातूनच हाकलत होते.

चौकशीचं काम ऑप्टाटस नावाच्या अधिकाऱ्याकडे होतं. नव्या सम्राटाचे कपडे, अंगठ्या, शिक्के, सगळं त्याच्याच ताब्यात असे. किडकिडीत, नीटनेटका माणूस. झिया आत गेली तेव्हा तो काडीने बुटाच्या तळव्यातला चिखल काढत बसला होता. समोरच्या मेजावर देवीचं वस्त्र पडलं होतं. खांद्यापाशी भोक होतं आणि भोकाभोवती रक्त वाळून काळं झालं होतं.

"हे तू शिवलंस?" त्याने वर न बघता विचारलं.

"विणलं पण मीच, साहेब. रंगवलं पण मीच. हे शिंपल्यांचं जांभळं नाही. मंजिष्ठा आहे, खाली नीळ."

ऑप्टाटसची काडी थांबली.

"गावात कुणाच्याही अंगावर सापडेल असं कापड," झिया घाईघाईने पुढे बोलली. गेले दहा दिवस ती हेच शब्द घोकत होती. "माझ्या पोराने सेनापतीच्या खांद्यावर एक घोंगडी टाकली म्हणा ना. घोंगडी टाकली म्हणून कुणी फाशी देत नाही. बघा, दाखवते मी."

त्याने अडवलं नाही. तिने बाटलीचं बूच काढलं आणि रक्त नव्हतं अशा जागी, काठावर, थोडा शिरका ओतला. दोघं बघत राहिली. आधी नुसतंच ओलं झालं. मग कडेकडेने लाली उडाली, पिवळट झाली, खालची नीळ वर आली, आणि तळहाताएवढा मळकट, शेवाळी डाग उमटला.

"बघा," झिया म्हणाली. तिला रडू येत होतं. "खरं असतं तर काही झालं नसतं."

ऑप्टाटसने डागावरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला.

"गवतावर बसलं की असाच डाग पडतो," तो शेवटी म्हणाला.

"गवताचा धुतला की जातो, साहेब. हा नाही जात."

"राखेच्या पाण्याने?"

"कशानेच नाही."

"आणि शिरक्याऐवजी शिपायांची ती आंबट दारू सांडली तर?"

"आंबट काहीही सांडू दे."

तो उठला, दारातल्या पहारेकऱ्याला बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं. मग कोपऱ्यातली पेटी उघडून एक घडी बाहेर काढली. जांभळं, काठाला सोन्याची तार. त्याने घडीचा फक्त एक कोपरा उलगडला आणि खिडकीकडे धरला. तिथे तसाच डाग होता. तसाच शेवाळी.

"सम्राट विजयाच्या दिवशी शिपायांमध्ये बसून त्यांचीच दारू पितात," ऑप्टाटस म्हणाला. "शिपायांना ते आवडतं. गेले कितीतरी दिवस माझी माणसं गवताचा डाग म्हणून हा घासतायत."

झियाच्या तोंडून निघून गेलं, "हे कुठल्या देवळातलं?"

"तेव्हा मी विचारलं नव्हतं." त्याने कोपरा पुन्हा घडीत घातला. "आणि आता विचारणार नाही."

बाहेर कुणीतरी घोड्याला शिव्या देत होतं. झिया न विचारताच बाकावर बसली. दहा दिवस जो एक थेंब तिने जिवापलीकडे जपला होता तो सांडून झाला होता, आणि त्याने काय उघडं पाडलं ते या माणसाला तिच्याआधी कळलं होतं. तिचं कापड खोटं म्हणावं तर हेही खोटं. हे खरं म्हणावं तर तिचंही खरं.

"तुझ्या देवीचं वस्त्र अस्सल आहे," ऑप्टाटस म्हणाला. "तसंच लिहिलं जाईल. तो शिरका मी पाहिला नाही आणि तूही आणला नाहीस. दुपारी सम्राट फौजेसमोर उभे राहणार. आधी चौदा जणांचा निकाल, मग शपथेला ते येतील. हा डाग नेमका पुढच्या बाजूला येतो. काढ."

"निघत नाही म्हटलं ना, साहेब. तुकडा कापून दुसरा बसवावा लागेल. याच रंगाचा."

दोघांनीही मेजावरच्या वस्त्राकडे पाहिलं.

"मग बसव."

झिया उठली नाही. तिने दोन्ही हात पुढे धरले. ते खरोखरच थरथरत होते.

"हे बघा. पोरगा कोठडीत असला की हे असं होतं. टाके दिसतील, साहेब. पहिल्या रांगेतून दिसतील."

ऑप्टाटसने तिच्या हातांकडे पाहिलं. या बाईला आत्ता इथेच संपवावं का, हेही तो मोजत असावा. पण मग टाके कोण घालणार? त्याने चौदा नावांची मेणाची पाटी ओढली, लेखणी उलटी केली आणि चपट्या टोकाने सर्वांत वरचं नाव घासून मेण सपाट केलं. एवढंच. तेवीस वर्षांचा मुलगा परत मिळायला तेवढाच वेळ लागला.

झियाने त्याचे पाय धरले. त्याने पाय मागे घेतले.

"आकडा पुढे कळवून झालाय. चौदा. तेरा चालणार नाहीत."

त्याने पलटणीच्या नावांची गुंडाळी उघडली. बोट वरून खाली येत येत एका जागी थांबलं. ते बिथूसचं नाव असणार. मग बोट एक ओळ खाली सरकलं, आणि त्या ओळीतलं नाव त्याने मेणाच्या पाटीवरच्या रिकाम्या जागी उतरवलं. त्याला त्या नावाशी काही देणंघेणं नव्हतं.

झियाला वाचता येत नव्हतं. पण भरतीच्या दिवशी ती कारकुनाच्या मेजापाशी उभी होती.

"साहेब," ती म्हणाली.

"काय?"

लेखणी त्याच्या हातातच होती. मेण मऊ होतं. एक शब्द बोलली असती तर कदाचित त्याने आणखी एक ओळ खाली जाऊन बघितलं असतं, कदाचित वरच्या ओळीवर परत आला असता. तो वाट बघत होता.

"कात्री द्या," झिया म्हणाली.

देवळाच्या ओसरीवर उजेड चांगला होता. दोन पहारेकरी पायरीवर उभे राहिले आणि झिया मांडीवर सम्राटाचं वस्त्र घेऊन बसली. डागाचा तुकडा तिने कापून काढला होता. त्या जागी देवीच्या वस्त्राचा तुकडा इतका बेमालूम बसत होता की तिची तिलाच भीती वाटली. सुईत मात्र दोरा जात नव्हता. तिसऱ्यांदा चुकलं तेव्हा मांटा धावत आली.

"अगं झिया! बिथूसला सोडलं! आत्ता माझ्या डोळ्यांनी पाहिलं फाटकापाशी. नुसता हाडांचा सापळा झालाय, पण चालत येतोय. देवी पावली गं तुला!" तिने पहारेकऱ्यांची पर्वा न करता झियाच्या गळ्यात हात टाकले. "रडू नको, वेडे. आता कशाला रडतेस?"

झियाने मान हलवली.

"आण ती सुई इकडे. तुझ्याच्याने काही व्हायचं नाही आज." मांटाने दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं, उजेडाकडे बघत एका झटक्यात ओवलं. "आणि हे काय, परत जांभळं? पुरे झालं बाई ते जांभळं. माझा तो गाढव तेव्हा तापाने पडला होता म्हणून बरं. मी रोज देवीला म्हणते, तो ताप तूच धाडलास गं बाई. नाहीतर आज मी कुठे असते? ज्यांची पोरं त्या चौदांत आहेत त्यांच्याकडे तर बघवत नाही."

"डिझो कुठंय?" झियाने विचारलं.

"छावणीत. सगळ्यांना मैदानावर बोलावलंय, शपथ आहे ना. चकचकीत दाढी करून गेलाय. म्हणाला, मागच्या सम्राटाच्या वेळी झोपलो होतो, आज पहिल्या रांगेत उभा राहतो." मांटा हसली. "घे, सुई धर."

झियाने सुई घेतली आणि पहिला टाका घातला. हात थरथरला नाही.

काम संपत आलं होतं तेव्हा छावणीतून शिंग वाजलं. लांबलचक, एकदा. नावं वाचायच्या आधी वाजवतात तसं. मांटा उठली, डोक्यावरचा रुमाल नीट केला.

"यादी वाचतायत वाटतं. चल, जाऊन येऊ? बिथूस तर नाही त्यात, पण त्या बायांजवळ कुणीतरी उभं राहायला हवं. का मी एकटीच जाऊ?"

"बस गं," झिया म्हणाली. तिने वर पाहिलं नाही. "बस जरा. अजून एक सुई ओवून दे."

"आता एवढंसं तर राहिलंय."

"दोरा पुरायचा नाही. ओवून दे."

मांटा बसली. तिने दोरा तोडला, ओला केला, ओवला. मैदानाकडून मोठ्याने वाचणारा आवाज येत होता, पण वारा नदीकडून असल्यामुळे शब्द कळत नव्हते. झियाने उशीत टोचलेल्या साऱ्या सुया काढून मांटाच्या मांडीवर ठेवल्या.

"याही," ती म्हणाली.

"एवढ्या कशाला?" मांटा म्हणाली, आणि ओवू लागली.